प्रेसनोट की मोबाइलवरची चित्रफीत?

रावेर-यावल पट्ट्यातील एखाद्या केळी उत्पादक कंपनीला आपली बाजू लोकांपर्यंत न्यायची असेल, तर जनसंपर्क सांभाळणाऱ्यापुढे आज दोन वाटा असतात : जिल्हा आवृत्तीला प्रेसनोट पाठवणे किंवा चित्रफीत काढून थेट व्हॉट्सअ‍ॅप गटांत सोडणे.

प्रेसनोटची वाट सावकाश आहे. उपसंपादक त्यातील विशेषणे निर्दयपणे छाटतो आणि जाहिरातींतून जागा उरलीच, तर आतल्या पानावर दोन परिच्छेद येतात. परंतु ही छाटणीच तिचे बळ आहे. बातमी तिऱ्हाइताने पारखलेली असल्यामुळे तिचे कात्रण बँकेच्या किंवा निर्यातदाराच्या टेबलावर निःसंकोच ठेवता येते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनासारखी माहिती तेथेच शोभते.

चित्रफितीला अशी चाळणी नाही. केळीच्या बागेत उभा राहून शेतकरी आपल्या बोलीत बोलला की ती घरोघरी पोहोचते. मात्र रावेरकडे लेवा गणबोली आणि धुळ्याकडे अहिराणी, हे पुण्यातल्या एजन्सीला सहसा ठाऊक नसते.

वेगाची दुसरी बाजूही खान्देशाने पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून जमावाने पाच जणांचा बळी घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.

म्हणून मालाच्या प्रसिद्धीसाठी मी चित्रफीत निवडेन. पण मालाबद्दल तक्रार उठली असेल, तर आधी सहीशिक्क्याचे निवेदन वार्ताहराच्या हाती देईन आणि त्याच्या प्रश्नांना समोर बसून उत्तरे देईन.