गेनशिकेन की एइझोकेन, आधी कुठली घेऊ?

मावसबहीण यंदा अकरावीला गेली, ॲनिमे बघून बघून डोकं फिरलंय तिचं. परवा विचारते, दादा ओताकू (म्हणजे ॲनिमे-मांगाचं वेड असलेल्या) लोकांवरची नाहीतर क्लबवाली मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, सांग ना, पण एकच सांग, पैसे एकीचेच आहेत. झाली पंचाईत. डोक्यात आल्या दोन, आणि दोघींची तोंडं दोन दिशांना.

एक गेनशिकेन, किओ शिमोकूची, कोदान्शाच्या आफ्टरनून मासिकात 2002 ते 2006 चाललेली, 9 व्हॉल्युम. दुसरी एइझोकेन, ओवारा सुमितोची, 2016 ला सुरू झालेली. पहिली विद्यापीठातली, दुसरी हायस्कूलमधली, पण खरा फरक वयाचा नाहीच. गेनशिकेनमधली मंडळी बघतात, वाचतात, विकत घेतात, त्यावर तासन्‌तास वाद घालतात. एइझोकेनमधल्या तीन पोरी स्वतः ॲनिमे बनवायला बसतात. बस, तुम्ही यातले कोण हे आधी ठरवा.

गेनशिकेनच्या क्लबचं नाव भारदस्त, आधुनिक दृश्य संस्कृती अभ्यास मंडळ टाइप, आणि अभ्यास शून्य. एक खोली, टीव्ही, फायटिंग गेम, मासिकांचे ढीग. सासाहारा नावाचा फर्स्ट इयरचा लाजाळू पोरगा तिथे येतो, ओताकू आहे पण कबूल करायची हिंमत नाही, कारण 2002 च्या जपानात हे सांगणं म्हणजे चारचौघांत मान खाली घालणं. मग कौसाका येतो, दिसायला हिरो आणि आतून सगळ्यांपेक्षा कट्टर, आणि त्याच्या मागे त्याची गर्लफ्रेंड कासुकाबे साकी, जिला या सगळ्याची शिसारी आहे. माझ्या मते अख्खी मांगा साकीमुळे उभी आहे. ती नसती तर आतल्यांनी आतल्यांसाठी केलेले जोक्स उरले असते, तिच्यामुळे बाहेरचा वाचकही त्या खोलीत शिरतो आणि तिच्यासारखाच हळूहळू तिथेच रुळतो.

आणि क्लबमधलाच मादारामे! मोठमोठ्याने लेक्चर देणारा, स्वतःच्या भावनांबद्दल मात्र एक अक्षर न बोलणारा. पास झाल्यावर हा माणूस नोकरी धरतो विद्यापीठाच्या जवळ, का, तर दुपारचा डबा क्लबच्या खोलीत खाता यावा म्हणून. पुरुषोत्तमच्या तालमी केलेल्यांना हा लगेच ओळखू येईल, पास होऊन दोन वर्षं झाली तरी "सहज आलो होतो" म्हणत कोपऱ्यात येऊन बसणारा सीनियर असतो ना, तोच हा. (मीही होतो थोडे दिवस, जाऊ दे.)

गेनशिकेनची ताकद हीच, की वेळ पुढे सरकते. क्लबवाल्या बऱ्याच मांगांमध्ये पोरं वर्षानुवर्षं त्याच वर्गात, इथे अध्यक्ष बदलतात, नोकरीसाठी सूट घालून इंटरव्ह्यू होतात, खोलीतली माणसं बदलतात. एकदा हे लोक स्वतःची डोजिन्शी, म्हणजे हौशी लोकांनी स्वतःच छापलेलं कॉमिक, काढून कॉमिफेसला न्यायचं ठरवतात, कॉमिफेस म्हणजे कॉमिकेट या डोजिन्शींच्या मोठ्या जत्रेचंच बदललेलं नाव. खरं कॉमिकेट 1975 ला 32 सर्कलवर (म्हणजे डोजिन्शी काढणाऱ्या गटांवर) सुरू झालं, 2019 च्या डिसेंबरात चार दिवसांत साडेसात लाखांची गर्दी. तर त्या डोजिन्शीचं काम वेळेत होत नाही, चित्र काढणारा कुगायामा नुसतं उद्या उद्या करत राहतो आणि एरवी तोंडातून शब्द न काढणारा सासाहारा चिडतो. ग्रुपमध्ये काहीतरी छापायला काढलेल्या कुणालाही तो प्रसंग वाचताना घाम फुटेल.

आता एइझोकेन. गेनशिकेनमध्ये डोजिन्शीपुरतं जे एकदाच, जेमतेम होतं, ते स्वतः काहीतरी बनवणंच इथे पहिल्यापासून आहे. आसाकुसाला काल्पनिक जगं रेखाटायचं वेड, पण माणसांशी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड. मिझुसाकीचे आईबाप नट, ती स्वतः मॉडेल, घरून ॲनिमे क्लबला सक्त मनाई, म्हणून वेगळा फिल्मचा क्लब काढून आतून ॲनिमे करायचं. तिला हालचालीचं वेड, लहानपणी आजी कपातला उरलेला चहा अंगणात भिरकवायची ती हालचालसुद्धा तिच्या डोक्यात बसलेली. आणि कानामोरी, जिला कलेशी देणंघेणं नाही, तिला पैसे, तारखा आणि हिशोब कळतात, विद्यार्थी मंडळाकडून बजेट कसं काढायचं तेही कळतं. मला विचाराल तर यातली खरी हिरॉईन तीच. असं माणूस ग्रुपमध्ये नसेल तर काहीच पूर्ण होत नाही, कुगायामाला विचारा.

चित्रं बघायची असतील तर तुलनाच नको, एइझोकेनमध्ये मशिनींची, इमारतींची पानभर डिझाइन्स टिपांसकट येतात, एकेका पानावर दहा मिनिटं जातात. पण माणसांच्या आत काय चाललंय ते त्यात कमी, प्रेमप्रकरण तर नाहीच (मला बरं वाटलं). गेनशिकेन उलट, नुसती बोलत बसलेली माणसं, भरमसाट संवाद, पण नंतर क्लबमध्ये ओगिउए ही पोरगी आली की गळा दाटून येतो. ती आहे ओताकू आणि राग करते ओताकूंचाच, का ते सांगत नाही, वाचा.

गेनशिकेनमध्ये प्रौढांच्या डोजिन्शी, तसले गेम्स, त्यावरच्या गप्पा भरपूर आहेत आणि त्या काळची थट्टा काही ठिकाणी आज खटकते. अकरावीतल्या पोरीच्या हातात मी स्वतःहून देणार नाही, मावशी मलाच धरेल. पुढे 2010 ते 2016 मध्ये दुसरी पिढी आली, एकूण 21 व्हॉल्युम झाले, पण त्यात मादारामेभोवती प्रेमाचा गोंधळ फार लांबलाय, पहिल्या 9 वर थांबलात तरी चालेल. इंग्लिशमध्ये ते 9 तीन जाडजूड ऑम्निबसमध्ये (एकात तीन व्हॉल्युम) निघालेत. एइझोकेन इंग्लिशमध्ये डार्क हॉर्स प्रकाशनाने काढलीये, आणि पैसे घालायच्या आधी चाखून बघायची तर 2020 चा ॲनिमे आहे, दिग्दर्शक युआसा मासाआकीचा, 12 एपिसोड, एका रविवारी होतो.

वोताकोई या मांगाचं नाव कुणीतरी काढणारच. ऑफिसमधले ओताकू, लपवाछपवी, हलकीफुलकी लव्हस्टोरी, 11 व्हॉल्युम, मस्त आहे, लोकलमध्ये वाचायला एकदम बरी. पण क्लबची खोली हवी असेल तर तिथे नाही मिळणार.

बहिणीला एइझोकेन सांगितली. पहिला व्हॉल्युम येऊन चार दिवस झाले, ती वाचते कमी आणि वहीत पाणबुड्या जास्त काढते. गेनशिकेन मागितली तर फर्स्ट इयरला देईन म्हटलंय.