पॉलिहाऊसमधला मावा: घाण्याचं निंबोळी तेल, अॅझाडिरॅक्टिन की मिनरल ऑइल?

रंगीत ढोबळी मिरचीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला की हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे जातो. दुकानात मात्र तीन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच फळीवर मांडलेल्या असतात: घाण्याचं निंबोळी तेल, अॅझाडिरॅक्टिनची (निंबोळीतला कीड रोखणारा घटक) तयार औषधं आणि बागायती पिकांसाठी शुद्ध केलेलं मिनरल ऑइल, म्हणजे खनिज तेल. करंज तेल वापरणारेही आहेत, पण त्याचे फायदे-तोटे बहुतेक घाण्याच्या निंबोळी तेलासारखेच, म्हणून त्याचा वेगळा हिशोब मांडत नाही.

माझं मत आधीच सांगतो. ढोबळीवर माव्याच्या वसाहती दिसायला लागल्या असतील तर मिनरल ऑइल. मावा तुरळक असताना त्याची वाढ रोखायची असेल तर १०,००० पीपीएमचं (म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार भाग) अॅझाडिरॅक्टिन. घाण्याचं तेल पॉलिहाऊसमध्ये मी सुचवणार नाही. त्यात अॅझाडिरॅक्टिन किती हे घाण्यागणिक बदलतं, ते पाण्यात नीट मिसळत नाही, आणि फळावर राहिलेला तेलकट डाग आणि वास व्यापाऱ्याला चालत नाही.

बाटलीवरचा पीपीएमचा आकडा नीट वाचा, कारण खरा फरक तिथेच आहे. ३०० पीपीएमचं औषध लिटरला ५ मिली घेतलं तर फवाऱ्यात अॅझाडिरॅक्टिन पडतं फक्त १.५ पीपीएम. १०,००० पीपीएमचं २ मिली घेतलं तर पडतं २० पीपीएम. म्हणजे पहिली बाटली मुख्यतः तेल म्हणून काम करते, दुसरी औषध म्हणून. अॅझाडिरॅक्टिन माव्याच्या पिल्लांना नीट कात टाकू देत नाही. मोठा मावा त्याने लगेच मरत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पान उलटून "काहीच झालं नाही" म्हणणारे घाई करतात. चौथ्या-पाचव्या दिवशी बारकी पिल्लं कमी झाली का ते बघा. उन्हात हे औषध लवकर विघटित होतं, म्हणून संध्याकाळची फवारणी बरी.

मिनरल ऑइलचं काम सरळ आहे. ते माव्याची श्वासछिद्रं बुजवतं आणि तो गुदमरून मरतो. या मारण्याच्या पद्धतीमुळे माव्यात प्रतिकारशक्ती तयार होण्याचा धोका फारसा नाही. हिरव्या माव्याने कित्येक रासायनिक गटांना दाद देणं सोडलंय, तेव्हा ही मोठी जमेची बाजू. पण ज्या माव्यावर थेंब पडला तोच मेला, बाकीचे तसेच. फवारा वाळल्यावर तेलाचा परिणाम जवळजवळ संपतो. लेडीबर्ड आणि क्रायसोपा हे मावा खाणारे मित्रकीटक नंतर आत आले तर त्यांना ते सोयीचंच. फवारणीच्या वेळी मात्र अंगावर तेल पडलेला मित्रकीटकही वाचत नाही. नोझल खालून वर धरून पानाची मागची बाजू भिजली नाही तर पैसे वाया.

आणखी एक गोष्ट फक्त मिनरल ऑइलच्या बाजूने बोलते. काकडी मोझॅक व्हायरससारखे रोग मावा काही सेकंद सोंड खुपसून पसरवतो. मारणारं औषध तेवढ्या वेळात काहीच करू शकत नाही. पानावरचा तेलाचा थर हा प्रसार कमी करतो. पण नवी पालवी थराविना फुटत राहते, त्यामुळे त्यासाठी फवारणी पुन्हापुन्हा करावी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं: गंधक. भुरीसाठी (पानावर पांढरी पावडर दिसणारा बुरशीचा रोग) पॉलिहाऊसमध्ये गंधक फवारलं जातं, काही ठिकाणी त्याची धुरीही देतात. गंधक आणि तेल पानावर एकत्र आले की पानं करपतात, कोवळी पालवी वाकडी होते, फुलगळ होते. दोन्हींमध्ये किमान दोन आठवडे, शक्य तर तीन, अंतर ठेवा. हा नियम तिन्ही बाटल्यांना लागू आहे. कॅप्टान या बुरशीनाशकाबरोबरही तेल नको. म्हणून तेल निवडण्याआधी फवारणीची वही उघडा आणि शेवटचं गंधक कधी झालं ते बघा. भुरीचा जोर चालू असेल आणि गंधक थांबवता येत नसेल, तर या काळात तेलाचा विचारच सोडा. मावा दाट झालेले शेंडे पिशवीत खुडून बाहेर काढा आणि कृषी सहायकाला विचारून दुसरं औषध घ्या.

तापमानही तितकंच बघा. आतलं तापमान ३२ अंशांच्या वर असताना किंवा झाडं तहानलेली असताना तेल मारू नका. आधी ठिबक चालवा. उन्हाळ्यात ऊन उतरल्यावर, पावसाळ्यात सकाळी बाजूचे पडदे उघडून फवारा, म्हणजे पान लवकर वाळतं. दमट हवेत तेल तासन्‌तास ओलं राहिलं तरी डाग पडतात.

काकडीवर जास्त जपा. तिचं पान तेलाला ढोबळीपेक्षा नाजूक असतं. मिनरल ऑइल ढोबळीवर लिटरला १० मिली चालत असेल तर काकडीवर ५ मिलीने सुरुवात करा आणि आधी चार-पाच वेलांवर मारून दोन-तीन दिवस वाट बघा. लेबलवर तुमचं पीक आहे का आणि मात्रा किती, तेच अंतिम धरा.

बोअरचं पाणी जड असेल तर भांडी घासायच्या साबणात तेल फेटू नका. साबण फाटतो, तेल वर तरंगतं आणि टाकीतला शेवटचा फवारा झाडाला जवळजवळ निव्वळ तेल पाजतो. तयार औषधाचीही चाचणी सोपी आहे. तुमच्याच पाण्याची एक लिटरची बाटली घ्या, लेबलच्या मात्रेने तेल घाला, हलवा आणि अर्धा तास ठेवा. दुधासारखं एकजीव राहिलं तर फवारा. वर तेलाचं कडं दिसलं तर ते पाणी पंपात घालू नका.

एका फवारणीत मावा संपत नाही. पॉलिहाऊसमधल्या उबेत मादी नराशिवाय थेट पिल्लं देते आणि ती आठ-दहा दिवसांत स्वतः वितात. पाच ते सात दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारण्या धरा. दरवेळी भिंगातून मागची बाजू बघा: तपकिरी पडलेला, पानाला चिकटलेला मावा मेलेला, टाचणीने डिवचल्यावर पाय हलवणारा जिवंत. पांढऱ्या काती दिसल्या तर त्यांना पांढरी माशी समजून भलतंच औषध आणू नका.