गावचं जंगल मोजायचं कसं: सगळी झाडं, सॅम्पल प्लॉट की सॅटेलाइट?

नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडं सामूहिक वनहक्क (जंगल सांभाळायचा अन् वापरायचा गावाचा कायदेशीर हक्क) मिळालेल्या गावात जंगलाच्या व्यवस्थापनाचा आराखडा करायला बसलं की पहिला वाद मोजणीवरून. माझं मत आधीच सांगतो, जंगल २०० हेक्टरच्या आसपास असेल तर सॅम्पल प्लॉट टाका, म्हणजे ठरावीक मापाचे चौकोन आखून तेवढ्यातलीच झाडं मोजा अन् त्यावरून सगळ्या जंगलाचा अंदाज काढा, बाकीचे दोन मदतीला ठेवा.

सॅटेलाइट सगळ्यात स्वस्त, सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाचे फोटो फुकट भेटतात, एक ठिपका १० मीटरचा, दाट कुठं, उघडं कुठं, अतिक्रमण कुठून सरकायलंय हे घरबसल्या कळतं. पण वरून सगळं हिरवंच, साग काय अन् घाणेरीची झुडपं काय. त्यात सागाची पानं उन्हाळ्यात गळतात, एप्रिलचा फोटो बघितला तर जंगल तोडलं की काय वाटतं, म्हणून पावसाळ्यानंतरचा, ऑक्टोबर-डिसेंबरचा घ्या आणि दरवर्षी त्याच महिन्यातला. (देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण, देशाचं जंगल सॅटेलाइटवरून मोजणारं सरकारी खातं, तर १ हेक्टरवर १० टक्के झाडांची सावली असली की आमराईसुद्धा वनाच्छादनात धरतं, तो जिल्ह्याचा आकडा आपल्या आराखड्याला काय कामाचा?)

एकूण एक झाड मोजणं लोकांना पटतं, कारण नमुन्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. पण दुपारपर्यंत पोरं दमतात आणि मग खोडाचा घेर टेपनं नाही, अंदाजानं लिहिला जातो. मोहाचं मात्र एकेक झाड मोजा, नंबर टाका, ती झाडं कमी असतात आणि उत्पन्न झाडावर ठरतं.

आता प्लॉट. साधारण ३१.६ मीटरचा चौकोन म्हणजे ०.१ हेक्टर, असे २० टाकले की २०० हेक्टरचा १ टक्का झाला. जागा नकाशावर चौकटी आखून आधीच ठरवायच्या, नाहीतर सगळे प्लॉट पायवाटेच्या कडंला पडतात, बोरी-बाभळीत पडला तरी तिथंच जायचं. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, उतारावर वरच्या बाजूनं मोजून. एक गोष्ट लई जण विसरतात, नमुन्यावरून काढलेल्या अंदाजातली चूक निम्मी करायची तर प्लॉट दुप्पट नाही, चौपट लागतात. त्यापेक्षा सॅटेलाइटवरून दाट-विरळ असे भाग पाडा अन् प्रत्येकात वेगळे प्लॉट टाका, कमी प्लॉटात काम भागतं.

कोपऱ्यांवर दगड पुरा, झाडाखाली मोबाइलचं जीपीएस काही मीटर इकडंतिकडं जातंच आणि पाच वर्षांनी तोच प्लॉट सापडला नाही तर वाढ कशाशी ताडून बघणार? पैसा कमी पडला तर दोन-चार प्लॉट कमी करा, पण प्रत्येक प्लॉटच्या एका कोपऱ्यात छोटा चौकोन आखून त्यातली रोपं मोजायचं सोडू नका, चराईबंदी कुठं करायची हे त्यावरच ठरतं.