किनोसाकी ओनसेन: एकटीने जायचं असेल तर हे गाव

जपानमध्ये गरम पाण्याच्या झऱ्यांची गावं पैशाला पासरी आहेत आणि प्रत्येकाचं म्हणणं आमचंच पाणी भारी. मला पाण्यातलं फार कळत नाही. मला फक्त असं ठिकाण हवं होतं जिथे सगळं चालत करता येतं, संध्याकाळी रूममध्ये भिंतीकडे बघत बसावं लागत नाही आणि एकटी बाई दिसली की कोणी वळून वळून बघत नाही. किनोसाकी या तिन्हीत पास. दोन-तीन गोष्टी खटकल्या त्या पुढे लिहितेच, पण परत जाईन का तर हो आणि परत एकटीच जाईन.

गाव ह्योगो प्रांताच्या उत्तर टोकाला, तोयोओका शहराच्या हद्दीत येतं. क्योतोहून किनोसाकी नावाचीच एक्सप्रेस आहे, ओसाकाहून कोनोतोरी, दोन्हीकडून अडीच ते तीन तास धरा, थेट गाडी नाही मिळाली तर वाटेत फुकुचियामा स्टेशनला बदलायची. परदेशी पर्यटकांसाठीचा कान्साई वाइड एरिया हा रेल्वे पास इथपर्यंत चालतो, त्यामुळे तिकिटाचा हिशोब करत बसू नका, पासच घ्या.

आता मुद्द्याचं. गावात सार्वजनिक स्नानगृहं सात, त्यांना सोतोयू म्हणतात, आणि गावातल्या रियोकानमध्ये म्हणजे पारंपरिक लॉजमध्ये उतरलात की सगळ्यांचा पास फुकट. क्यूआर कोड असतो, दारात स्कॅन करायचा की आत. सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत काही ना काही उघडं असतंच, फक्त प्रत्येकाची आठवड्याची सुट्टी वेगळी आणि काही तर दुपारी तीनलाच उघडतात, म्हणून चेक-इन करताना त्या दिवसाचं वेळापत्रक बघून घ्या. गावातली लोकं म्हणतात की स्टेशन म्हणजे आमचं पुढचं दार, रस्ता म्हणजे पॅसेज, रियोकान म्हणजे खोल्या आणि सोतोयू म्हणजे बाथरूम. आधी मला ही टुरिझमवाल्यांची जाहिरात वाटली, पण खरंच तसंच आहे. अख्खं गाव युकाता म्हणजे सुती किमोनो घालून, गेता म्हणजे लाकडी चपला खटखटवत, हातात छोटी टोपली घेऊन या बाथमधून त्या बाथमध्ये फिरत असतं, त्यामुळे एकटं असण्याचं काही वाटतच नाही, तुम्हीही त्या पॅसेजमधले एक.

हे असं का याच्या मागे एक जुनं भांडण आहे आणि मला ते फार आवडलं. पूर्वी इथल्या लॉजमध्ये स्वतःचे बाथ नव्हतेच, सगळे बाहेरच जायचे. १९२५ च्या मे महिन्यात भूकंप झाला, पाठोपाठ आग लागली, गाव जवळजवळ सगळं जळालं आणि नव्याने बांधलं, आज दिसतात त्या दोन-तीन मजली लाकडी इमारतींची रांग त्यानंतरची. मग १९२७ मध्ये एका रियोकानने स्वतःच्या गिऱ्हाइकांसाठी आतच बाथ काढला, आणि गाव रागाने पेटून उठलं! सगळे आतच आंघोळी करायला लागले तर रस्त्यावर येणार कोण, दुकानं चालणार कशी? प्रकरण कोर्टात गेलं ते मिटलं थेट १९५० मध्ये, आणि तडजोड अशी की आतले बाथ चालतील पण छोटेच हवेत. म्हणून रिव्ह्यूमध्ये "हॉटेलचा बाथ अगदीच पिटुकला" असं रडगाणं वाचलंत तर सोडून द्या, तो मुद्दामच पिटुकला आहे. एकट्याने जाणाऱ्याने तर खोलीवर आणि आतल्या प्रायव्हेट बाथवर जास्तीचे पैसे घालवूच नयेत, इथली खरी मजा दाराबाहेर आहे.

दुसरी गोष्ट, सातही बाथ 'करायची' घाई. लोक लिस्ट घेऊन पळत असतात अक्षरशः. अहो, पाणी एकच आहे! १९७० च्या दशकापासून सगळ्या झऱ्यांचं पाणी एकत्र करून पाइपने सगळीकडे सोडतात, ओठाला लागलं तर किंचित खारट लागतं, आणि ते सगळीकडे सारखंच. बदलतं ते फक्त बांधकाम आणि गर्दी. त्यामुळे दोन-तीन निवडा आणि तिथे नीट बसा.

मी निवडले ते सांगते. मांदारा-यू सगळ्यात लाडकं. गावाच्या आतल्या बाजूला, मुख्य रस्त्यापासून जरा लांब, त्यामुळे गर्दी कमी, आणि मागे उघड्यावर लाकडी पिंप ठेवलेत, एका पिंपात एकच माणूस आरामात मावतो. एकट्यासाठी याहून चांगली सोय कुठे सापडणार? पाणी काठोकाठ असतं, आपण आत उतरलो की तेवढं पाणी भसकन बाहेर सांडतं, मग हळूहळू शांत होतं, हनुवटीपर्यंत येऊन थांबतं, आणि वर डोंगराची झाडं. मी तिथेच सगळ्यात जास्त वेळ घालवला. यानागी-यू अगदी छोटं, सगळं लाकडाचं आणि चांगलंच खोल, वास छान येतो पण चार बायका आल्या तरी गच्च. इचिनो-यूला डोंगर खोदून केलेल्या गुहेत बसायचं असतं, एकदा बघावं असं. गोशोनो-यू दिसायला राजवाडा, मागे धबधबा, फोटोत सगळ्यात भारी आणि म्हणूनच संध्याकाळी सगळ्यात गर्दी, सकाळी गेलात तरच मजा. कोनो-यू स्टेशनपासून सगळ्यात लांब, एक करकोचा जखमी पाय इथल्या पाण्यात बरा करत होता त्यावरून झरा सापडला अशी गोष्ट सांगतात.

आता तो प्रश्न जो सगळ्या मैत्रिणींनी विचारला: कपडे सगळे काढायचे? हो, सगळे. बायका-पुरुष वेगळे असतात. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ करायची, केस वर बांधायचे, मगच पाण्यात उतरायचं, आणि तो रुमालाएवढा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. पहिल्यांदा लाज वाटते, नाही असं नाही, पण शेजारची आजी डोळे मिटून अशी निवांत बसलेली असते की आपलंच आपल्याला हसू येतं. टॅटू असेल तरी इथे चालतं, जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी चालत नाही, तेव्हा हा मोठाच प्लस. पाणी ४२ अंशांच्या आसपास असतं, दहा मिनिटं बसा, बाहेर या, पाणी प्या, परत जा. रिकाम्या पोटी किंवा बिअर पिऊन उतरू नका, चक्कर येते.

आता खटकलेलं. एकट्या माणसाला रूम मिळणं हीच पहिली कटकट. बऱ्याच रियोकानमध्ये किमान दोघं लागतात, विशेषतः शनिवारी आणि नोव्हेंबर ते मार्च या खेकड्याच्या सीझनमध्ये, आणि देतात तिथेही एकट्याचा दर चढा. दोन वेळच्या जेवणासकट रूम घेतलीत तर वीस-पंचवीस हजार येन सहज, खेकडा हवा तर अजून वर. माझ्या रियोकानचं नाव घेत नाही, खोली स्वच्छ होती, मावशी गोड होत्या, पण जेवणाची वेळ सहा म्हणजे सहा, म्हणजे ऐन संध्याकाळी जेव्हा बाहेर फिरावंसं वाटतं तेव्हा आपण आत आठ वाट्यांसमोर मांडी घालून. शिवाय मला टेबल दिलं ते येण्याजाण्याच्या वाटेवर. शाकाहारी असाल तर आधी मेल करून स्पष्ट विचारा, कारण सूपपासून भाजीपर्यंत सगळ्यात दाशी म्हणजे माशाचा अर्क असतो आणि "यात मासा नाही" असं सांगतात तेव्हा ते दाशी धरलेलं नसतं. माझं मत विचाराल तर बिनजेवणाची रूम घ्या आणि बाहेर खा, फक्त रात्री उशिरा जाऊ नका, स्वयंपाकघरं लवकर आवरतात.

आणि हो, गेता. दिसायला झकास, पण अंगठ्याजवळचा पट्टा तासाभरात सोलून काढतो. अंगठा वेगळा असलेले मोजे घेऊन जा.

दुपारी बाथ झाले की काय करायचं? रोपवेने वर जा, मधल्या स्टॉपवर ओनसेनजी देऊळ आहे, पूर्वी लोक आधी इथे येऊन हात जोडायचे, स्नानाचे नियम समजून घ्यायचे आणि मगच पाण्यात उतरायचे. खाली रोपवेजवळ उकळत्या झऱ्यात अंडी उकडायची सोय आहे, जाळीतली अंडी विकत घ्यायची, दोरीने पाण्यात सोडायची आणि बाजूला पाय शेकत बसायचं. भूगोल आवडत असेल तर नदीपलीकडचं गेनबुदो सोडू नका, काळ्या बसाल्टचे षटकोनी खांब, साधारण सोळा लाख वर्षांपूर्वीचे. १९२६ मध्ये मातुयामा नावाच्या शास्त्रज्ञाला इथल्या दगडात उलट्या दिशेचं चुंबकत्व सापडलं, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कधीकाळी उलटं होतं ही गोष्ट ज्या दगडांनी सांगितली त्यातले हे. आपल्या सह्याद्रीतही बसाल्टच, त्यामुळे मी त्या खांबांसमोर जरा जास्तच वेळ उभी राहिले. करकोच्यांचं पार्कही तोयोओकातच आहे. जपानमधून १९७१ मध्ये जंगली करकोचे संपले होते, २००५ मध्ये इथूनच पुन्हा सोडले, शेतात उभे दिसले तर नशीब.

जायचं असेल तर मधल्या वारी जा, शनिवार टाळा. बॅग रियोकानला पोचवायची सोय स्टेशनसमोरच्या माहिती केंद्रात विचारा, हातात बॅग घेऊन त्या रस्त्याने चालण्यात मजा नाही. आणि परतीची सीट आधीच रिझर्व्ह करून टाका, रविवारी दुपारच्या गाड्या भरतात आणि गरम पाण्याने सैल झालेल्या पायांवर अडीच तास उभं राहणं म्हणजे केलेल्या आरामावर पाणी.