गव्हर्न्मेंट म्यूलच्या लाइव्ह टेप : साउंडबोर्डच्या मागे धावू नका

इंटरनेट आर्काइव्हच्या लाइव्ह म्युझिक विभागात गव्हर्न्मेंट म्यूलच्या कार्यक्रमांचा मोठा साठा आहे. वॉरन हेन्स, ॲलन वुडी आणि मॅट ॲब्ट्स यांनी १९९४ साली सुरू केलेला हा सदर्न रॉक बँड चाहत्यांना रेकॉर्डिंग करू देतो. अट एकच, त्यात पैसा येता कामा नये. एकाच कार्यक्रमाच्या दोन-तीन प्रती सापडतात आणि ‘साउंडबोर्ड’ (थेट मिक्सरमधून घेतलेली प्रत) दिसलं की लोक तीच उचलतात. इथेच घोळ होतो.

छोट्या हॉलमध्ये हेन्सचा ॲम्प्लिफायर मंचावरूनच एवढा वाजतो की मिक्सरमधून गिटार कमीच सोडावी लागते. साउंडबोर्ड टेपवर येतं ते फक्त मिक्सरमधून गेलेलं : गाणाऱ्याचा आवाज पुढे, गिटार मागे, हॉलची गाज नाहीच. अशा वेळी श्रोत्यांमध्ये, मिक्सरच्या जरा पुढे, मधोमध, उंच स्टँडवर लावलेल्या माइकची टेप सरस. मंडपात कुठे बसलो त्यावर गाणं बदलतं, हे सवाईला जाणाऱ्या पुणेकराला वेगळं सांगायला नको. म्हणून पानावरची ‘सोर्स’ची ओळ आधी वाचा. माइक कोणते, कुठे लावले, याचा पत्ताच नसेल तर ती प्रत सोडून द्या.

दोन्ही आवाज मिसळलेली ‘मॅट्रिक्स’ प्रत नीट जमली असेल तर सर्वांत उत्तम. मंचापासून ३० मीटरवरच्या माइकपर्यंत आवाज सुमारे ८७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तो फरक काढावा लागतो. शिवाय दोन रेकॉर्डरची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे सुरुवात जुळवली तरी तासाभराने आवाज पुन्हा सरकतो. म्हणून दुसऱ्या सेटमधलं, म्हणजे कार्यक्रमाच्या उत्तरार्धातलं, शेवटचं गाणं आधी ऐका. स्नेअर ड्रमचा ठोका दुहेरी ऐकू आला तर बाकीचं उतरवण्यात अर्थ नाही.

अडीच तासांचा कार्यक्रम १६ बिट फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गमावता लहान केलेली फाइल) साधारण ९०० एमबी होतो, २४ बिटमध्ये जवळपास दुप्पट. ऐकायला १६ बिट पुरे. अख्खी झिप मागवू नका, मध्येच वीज गेली की पहिल्यापासून सुरुवात. टॉरेंट जिथे तुटलं तिथून पुढे चालतं.

उतरवल्यावर तपासणी हवीच, म्हणजे फाइलचा ठसा (चेकसम) प्रतीसोबत दिलेल्या ठशाशी जुळतो का ते पाहायचं. एमडी५ अख्ख्या फाइलचा ठसा घेतं, एफएफपी फक्त आतल्या आवाजाचा. गाण्याचं नाव टॅगमध्ये बदललं की एमडी५ चुकतं, एफएफपी तसंच राहतं. त्यामुळे एमडी५ जुळलं नाही म्हणून लगेच फाइल फेकू नका, एफएफपी पाहा. हाती आलेल्या फ्लॅकबद्दल शंका असेल तर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या कंप्रतांचं चित्र) उघडा. १६ किलोहर्ट्झवर सगळं सपाट कापलेलं दिसलं तर बहुधा एमपी३ वरून बनवलेली प्रत आहे. अशी प्रत पुढे कुणाला देऊ नका.

सीडी करणार असाल तर ‘डिस्क ॲट वन्स’ (अख्खी सीडी एका दमात लिहिणं) निवडा, नाहीतर एकातून दुसऱ्यात जाणाऱ्या गाण्यांमध्ये दोन सेकंदांची शांतता घुसते. ट्रॅकची लांबी ५८८ सॅम्पलच्या (डिजिटल आवाजाच्या एकेका नमुन्याच्या) पटीत नसेल तर जोडावर टिक् असा आवाजही येतो. एसएचएनटूल या प्रोग्रॅमच्या ‘फिक्स’ने तो जातो.

वुडी ऑगस्ट २००० मध्ये गेला. त्याचा बास अशा लाइव्ह टेपमध्ये ऐकायचा तर बहुतेक वेळा नव्वदच्या दशकातल्या डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) टेपकडे जावं लागतं. त्यांत अधूनमधून डिजिटल कचकच असते, ती चालवून घ्यावी. फक्त या टेप घरी, बऱ्या स्पीकरवर लावा. पीएमपीएमएलच्या बसमध्ये साध्या इअरफोनवर इंजिनची घरघर नेमका तोच बास खाऊन टाकते.