दोन दिवसांचं फिल्डवर्क की सलग प्लेसमेंट?

सामाजिक धोरणाच्या एम.ए.मध्ये प्रत्यक्ष कामाच्या दोन पद्धती भेटतात. एकीत आठवड्याचे दोन दिवस फिल्डवर आणि बाकीचे वर्गात. दुसरीत सत्र संपल्यावर सहा-आठ आठवडे सलग एका संस्थेत. मी पहिल्या वर्षी पहिली केली, दुसऱ्या वर्षी निवड होती तेव्हा दुसरी घेतली.

दोन दिवसांच्या पद्धतीत सोमवारी गावात जे खटकलं ते बुधवारी वर्गात बोलता यायचं. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला आणि देशाने २००५ मध्ये, हे मॅडम शिकवायच्या तेव्हा माझ्या वहीत काम मागणाऱ्यांची नावं असायची. हे सुख सलग प्लेसमेंटमध्ये नाही.

पण माझे वार होते सोमवार-मंगळवार. ग्रामसेवकांकडे दोन गावांचा कारभार, आणि आमच्या गावात ते यायचे गुरुवारी. अख्ख्या सत्रात आमची भेट दोनदा झाली. कामाच्या मागणीचे अर्ज मी भरून द्यायचो आणि पुढच्या सोमवारी ऐकायचो, "भाऊसाहेब आले होते, नाही म्हणाले." का नाही, पोच दिली का, कुणालाच धड सांगता यायचं नाही. सगळं तर त्या पोचवर होतं. कायद्याप्रमाणे १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेरोजगार भत्ता. पण तारखेची पोचच नसेल तर दिवस मोजायचे कुठून? रिपोर्टमध्ये मी 'अंमलबजावणीतील अडचणी' असा मथळा देत होतो आणि त्यातली एकही अडचण मी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. हे मला फार लागलं.

सलग प्लेसमेंट दुसऱ्या गावात होती. तिथे ग्रामसेवक आले त्या पहिल्याच गुरुवारी मी ग्रामपंचायतीत बसलो होतो. एका मावशींच्या अर्जामागे राहिलो. पोच मिळायला तीन फेऱ्या लागल्या. तेव्हा कळलं की इथला नकार तरी आडमुठेपणाचा नव्हता. शेल्फवर, म्हणजे गावासाठी आधीच मंजूर करून ठेवलेल्या कामांच्या यादीत, कामच शिल्लक नव्हतं, फाइल तालुक्याला अडकली होती. अकराव्या दिवशी मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, मावशींचं नाव लागलं.

खर्च मात्र वाढतो: शिकण्याच्या गावातली खोली सोडता येत नाही, वर तालुक्याला दुसरी. मार्गदर्शक फोनवरच भेटतात. काही संस्था मुलांना महिनाभर डेटा एन्ट्रीला बसवतात, म्हणून काम काय असेल ते आधी लेखी घ्यावं. घरची जबाबदारी असेल, किंवा शहरातल्या वॉर्ड ऑफिसचं काम शिकायचं असेल, तर दोन दिवसही पुरतील बहुधा. ते ऑफिस रोज उघडं असतं. खेड्यातली योजना समजून घ्यायची असेल तर मी तरी सलगच सांगेन. आणि दोन दिवसांचीच सोय असेल, तर गाव ठरण्याआधी तिथे ग्रामसेवक कोणत्या वारी येतात ते विचारून घ्या.