डॉट की मिनरल: ब्रेक घरीच सांभाळणार असाल तर

भाच्याला जुनी माउंटन बाइक घ्यायची आहे आणि त्याच्यासमोर दोन आहेत. फ्रेम, फोर्क, गिअर यांत निवडण्यासारखं फारसं काही नाही, किंमतही जवळपास एकच. फरक आहे तो ब्रेकचा. दोन्हींना हायड्रॉलिक डिस्क, म्हणजे तारेऐवजी नळीतल्या द्रवाच्या दाबाने चालणारे ब्रेक, पण एकीत डॉट फ्लुइड (मोटरसायकलच्या ब्रेकमध्ये असतं ते) आणि दुसरीत मिनरल ऑइल. परवा इंदूरला, रामबागेत घरी आला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही दोन्ही वापरलेत, तुम्हीच सांगा." त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो, कारण पावसाळा संपला की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच.

मी डॉटचे ब्रेक चार वर्षं वापरले. मिनरल ऑइलचे वापरतोय त्याला आता पाच वर्षं होतील. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा मिनरलवाले. होप आणि हेजचं डॉमिनियन डॉटवाले. स्रॅमकडे बरीच वर्षं डॉटच असायचं, पण डीबी८ मध्ये आणि २०२४ मध्ये आलेल्या मेव्हनमध्ये त्यांनीही मिनरल ऑइल घेतलं. त्यामुळे नुसत्या नावावरून अंदाज बांधू नका, लिव्हरवर लिहिलेलं वाचा. जुन्या सायकलीवर ती अक्षरं पुसलेली असतील तर आतला एक थेंब वाटीभर पाण्यात टाकून बघा. डॉट पाण्यात मिसळून दिसेनासं होतं, मिनरल ऑइल वर तरंगतं.

पॅड किती उरलेत, रोटर (चाकावरची चकती) किती झिजलाय, कॅलिपर (चकतीवर बसणारा, पिस्टन आणि पॅड असलेला भाग) मध्यावर कसा आणायचा, हे दोन्हींकडे सारखंच असल्याने त्यात शिरत नाही. एकच सांगतो, कारण ते आपल्या माळव्याचं दुखणं आहे: काळी माती. पावसात सिमरोलच्या पुढच्या शेतवाटांवर गेलात की ती कॅलिपरच्या आत जाते आणि वाळली की पिस्टनभोवती विटेसारखी घट्ट बसते. नवे पॅड घालताना पिस्टन तसाच आत ढकलला तर ती सीलला घासते आणि पुढे ऑइल झिरपायला लागतं. पॅड काढले की लिव्हर हलके दाबून पिस्टन थोडे बाहेर आणायचे, कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन कडेकडेने पुसायचे आणि मगच आत ढकलायचे. ब्रेक कुठलाही असो.

आता मुद्द्याचं. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही एकाच कुळातली, ग्लायकॉलवर आधारलेली. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, नावाला भुलून ते घालू नका. ग्लायकॉलची ही सगळी फ्लुइडं हवेतला ओलावा ओढून घेतात. नळीतून, सीलमधून, थोडा थोडा पण सतत. त्यात एक फायदाही आहे. शिरलेलं पाणी फ्लुइडभर विरघळून राहतं, एका जागी साचत नाही. तोटा असा की उकळण्याचं तापमान उतरत जातं. नव्या डॉट ४ ला ते किमान २३० अंश सेल्सियस असावं लागतं. ३.७ टक्के पाणी शिरलेल्या फ्लुइडसाठी हीच अट १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ चे आकडे २६० आणि १८०. म्हणून डॉट वर्षातून एकदा बदलावं म्हणतात, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर जी हवा असते ती बघता मला ते पटतं.

वर्षातून एकदा ब्लीड करायला, म्हणजे जुनं फ्लुइड आणि हवा काढून नवं भरायला, माझी कधीच ना नव्हती. मला ते काम आवडतं. मला छळलं ते बाटलीने.

दोन्ही ब्रेकना मिळून माझे जेमतेम पन्नास-साठ मिलिलिटर लागायचे. छोटी ग्वालटोलीत ऑटो पार्ट्सच्या दुकानातून मी मोटरसायकलसाठीची डॉट ४ ची बाटली आणायचो, पाव लिटरची. एकदा तिचं सील फोडलं की पुढच्या वर्षीपर्यंत ती टिकत नाही. झाकण कितीही आवळलं तरी उघडताना जी हवा आत गेली ती गेलीच, आणि आषाढातली हवा कोरडी नसते. म्हणजे उरलेलं पाऊण बाटली फ्लुइड वापरायचं नाही. ते मोरीत ओतायचं नाही, झाडाच्या मुळाशी तर नाहीच. मग ते माळ्यावर जातं. चार वर्षांत माझ्या माळ्यावर चार बाटल्या जमल्या, प्रत्येकीवर उघडल्याची तारीख स्केचपेनने घातलेली. वर्षाच्या मधेच कधी लिव्हर मऊ लागायचा, कधी नळी कापून आखूड करावी लागायची, तेव्हा चमचाभर फ्लुइड हवं असायचं. दर वेळी तोच प्रश्न. नवी बाटली फोडू की गेल्या महिन्यातली चालेल? आणि दोन महिन्यांपूर्वीची? श्रावणात उघडलेली? उत्तर बघून कळत नाही. ताज्या बाटलीतलं आणि ओलावा पकडलेल्या बाटलीतलं फ्लुइड दोन वाट्यांत शेजारी ठेवून बघितलं, मला फरक दिसला नाही. बाकी कशातही अशी शंका मी चालवून घेतली असती. ब्रेकमध्ये ती घेऊन उतारावर जाणं मला जड जायचं.

एका वर्षी मात्र मी ती शंका बाजूला सारली. जुलैत उघडलेल्या बाटलीतलं फ्लुइड ऑक्टोबरमध्ये मागच्या ब्रेकला भरलं. लिव्हर छान कडक लागला, महिनाभर काहीच जाणवलं नाही. कार्तिकात जानापावच्या डोंगरावर गेलो. परशुरामाच्या देवळापासून खाली येणारा रस्ता तुमच्यापैकी अनेकांनी बघितला असेल. वळणामागून वळण, आणि मधे हाताला विसावा नाही. मागचा ब्रेक मी जवळजवळ सतत धरून होतो, ही माझी चूक. तिसऱ्या की चौथ्या वळणावर लिव्हर दाबला आणि तो अडलाच नाही, सरळ हँडलच्या मुठीला जाऊन टेकला. पुढच्या ब्रेकवर कसाबसा थांबलो. पाय थरथरत होते. बाटलीतल्या पाण्याचा शिंतोडा रोटरवर उडवला तर चर्र झालं. (तसं करू नका, तापलेला रोटर वाकू शकतो.) पंधरा मिनिटं कडेला बसलो, आणि लिव्हर आपोआप पूर्वीसारखा कडक झाला. गळती कुठेच नव्हती. कॅलिपरमधलं फ्लुइड उकळलं होतं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून लिव्हर पोकळ लागला, आणि गार झाल्यावर वाफेचं पुन्हा फ्लुइड झालं.

हे त्या बाटलीमुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ब्रेक सतत धरला होता, पाठीवर सामान होतं, पॅडही निम्म्याहून अधिक झिजले होते. ताजं फ्लुइड असतं तरी कदाचित हेच झालं असतं. पण त्या पंधरा मिनिटांत डोळ्यांसमोर होती ती माळ्यावरची बाटली आणि तिच्यावरची जुलैतली तारीख. घरी पोचेपर्यंत ब्रेक बदलायचं ठरलं होतं.

रंगाचंही सांगितलं पाहिजे. डॉट रंग खातं. एकदा चेनस्टेवरचा (फ्रेमच्या मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवरचा) थेंब पुसायचा राहिला, आणि सकाळी तिथला रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतलेला, बोट लावलं तर निघून आला. लगेच भरपूर पाण्याने धुतलं तर काही होत नाही, आणि नुसत्या पाण्याने निघणं ही डॉटची जमेची बाजूच म्हणायची. मिनरल ऑइल पाण्याने निघत नाही, साबण किंवा अल्कोहोल लागतं. फरशीवर सांडलं आणि दिसलं नाही तर घरातलं कुणीतरी घसरतं. पण रंगाला ते काही करत नाही, त्यामुळे पुसायची घाई नसते. पॅडवर पडलं तर दोन्हींनी पॅड वाया जातो.

मिनरलच्या अडचणी लपवण्यात अर्थ नाही. पहिली म्हणजे ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. ऑनलाइन मागवावं लागतं किंवा मोठ्या सायकल दुकानात विचारावं लागतं, आणि तेवढ्याच मापाला डॉटपेक्षा बरेच जास्त पैसे पडतात. दुसरी, ते पाणी शोषत नाही हे खरं, पण म्हणून पाणी आत शिरतच नाही असं नाही. शिरलेलं पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाला जातं, आणि ब्रेकमध्ये तळ म्हणजे कॅलिपर, सगळ्यांत तापणारी जागा. पाणी शंभर अंशांना उकळतं. म्हणून मिनरल आयुष्यभर बदलावं लागत नाही असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. मी दोन पावसाळ्यांनंतर एकदा सगळं ऑइल बदलतो. आजवर कुठल्याही उतारावर लिव्हर मुठीला टेकलेला नाही. जानापाव त्यानंतर चार वेळा उतरलोय, भेरूघाट तर मोजलेला नाही. आता मी ब्रेक सतत धरून ठेवत नाही, त्याचाही त्यात वाटा असेल.

तिसरी अडचण मला सगळ्यांत गंभीर वाटते. माझ्या एका मित्राच्या मिनरलवाल्या ब्रेकमध्ये एका दुकानात मोटरसायकलचं डॉट भरून दिलं. त्याने विचारलं तर उत्तर मिळालं, "भिया, ब्रेक ऑइल तो ब्रेक ऑइल होता है." नाही होत. मिनरलच्या ब्रेकमधले सील वेगळ्या रबराचे असतात आणि डॉटच्या ब्रेकमधले वेगळ्या. एकाचं ऑइल दुसऱ्यात गेलं की सील फुगतात. मित्राचा लिव्हर काही दिवसांत दाबल्यावर परत यायला वेळ लावू लागला, मग परत यायचाच बंद झाला. ऑइल काढून धुऊन बघितलं, उपयोग झाला नाही. लिव्हर आणि कॅलिपर दोन्ही नवे घ्यावे लागले.

त्यामुळे भाच्याला मी आधी हेच विचारलं, की ब्रेक उघडणार कोण? सायकल दर वेळी जवळच्या दुकानात टाकणार असशील आणि तिथे कोण हात लावेल याचा भरवसा नसेल, तर डॉटवाली घेणं वाईट नाही. दुकानात जे ऑइल हाताशी असतं तेच तिला चालतं. स्वतः करणार असशील तर माझं मत दुसरीकडे झुकतं.

ब्लीड करण्याचा माझा अनुभवही तिकडेच झुकतो, जरी त्यातला बराचसा फरक ऑइलचा नसून कंपन्यांच्या रचनेचा आहे. माझ्या डॉटच्या ब्रेकला दोन सिरिंज लागायच्या, एक वर, एक खाली. निर्वात करून हवा ओढायची, हातमोजे आणि चष्मा घालायचा, शेजारी पाण्याची बादली ठेवायची. आत्ताच्या ब्रेकला वर एक फनेल बसतं. चाक आणि पॅड काढायचे, पिस्टन बाहेर येऊ नयेत म्हणून त्यांच्यामधे ब्लॉक अडकवायचा, लिव्हर जमिनीला समांतर करायचा आणि खालून सिरिंजने ऑइल हळूहळू वर ढकलायचं. मधेमधे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने नळीला टिचक्या मारायच्या. वळणावर अडकलेला बुडबुडा सुटतो, नळीतून चढतो आणि फनेलमध्ये येऊन फुटतो. हवा निघाली की नाही हे समोर दिसतं. बुडबुडे थांबले की खालचा निपल बंद करायचा, लिव्हर दोन-चार वेळा दाबायचा आणि किंचित खाली-वर फिरवून उरलेली हवा काढायची. पहिल्यांदा मला तास लागला, आता दोन्ही ब्रेक पाऊण तासात होतात.

डॉटवाल्या ब्रेकवर बोटाचा ताबा जास्त चांगला असतो असं भाच्याने कुठेतरी ऐकलंय. मी वापरलेल्या दोन ब्रेकमध्ये मलाही डॉटचा लिव्हर जास्त मऊपणे धरणारा वाटला, हे खरं आहे. पण ते लिव्हरच्या घडणीमुळे असावं असं मला वाटतं, नळीत काय भरलंय त्यामुळे नाही. ज्याला तो स्पर्श फार महत्त्वाचा असेल त्याने दोन्ही चालवून बघाव्यात.

आणि बाटलीचं सांगायचं राहिलं. आमच्या चौघांचे ब्रेक एकाच कंपनीचे आहेत. तीन वर्षांपूर्वी आम्ही पैसे काढून त्याच कंपनीच्या मिनरल ऑइलची एक लिटरची बाटली घेतली. ती कधी सुदामा नगरला असते, कधी लोकमान्य नगरला, कधी माझ्याकडे. नियम दोनच: सिरिंज स्वच्छ असावी, आणि ब्रेकमधून निघालेलं ऑइल परत बाटलीत ओतायचं नाही. तिच्यावर उघडल्याची तारीख कुणी लिहिलेली नाही. अजून निम्मी शिल्लक आहे.

भाचा रविवारी दोन्ही सायकली पुन्हा बघायला जाणार आहे. मिनरलवालीचे ब्रेक आमच्याच कंपनीचे आहेत, पण तिचा मागचा लिव्हर थोडा स्पंजासारखा लागतो म्हणाला. जुन्या ऑइलमध्ये शिरलेली हवा असावी, ती निघेल. फनेल आणि ब्लॉक माझ्याकडे आहेत. बाटली सध्या लोकमान्य नगरला आहे, ती शनिवारी आणून ठेवतो.